उत्कंठेचे मूल्य : समकालीन मराठी कादंबरीच्या वाचनासंबंधी काही विचार

१

मराठी कादंबरीच्या समीक्षेत काही शब्द असे आहेत, की ते उच्चारताच कलाकृतीचा दर्जा एक पायरी खाली उतरल्यासारखा वाटतो. 'उत्कंठावर्धक' हा त्यांपैकी एक होय. ग्रंथाच्या मलपृष्ठावर किंवा वृत्तपत्रातील परिचयात हा शब्द निःसंकोचपणे वावरतो. विद्यापीठीय लेखनात मात्र तो आला तर दुय्यमत्वाचा शिक्का म्हणूनच येतो. एखादी कादंबरी 'खिळवून ठेवते' असे आपण विद्यार्थ्याजवळ म्हणतो, तेव्हा लगेच 'परंतु' हे अव्यय जोडतो आणि मग तिचा आशय, तिची सामाजिकता, तिची भाषा यांविषयी गंभीरपणे बोलू लागतो. जणू खिळवून ठेवणे हा कादंबरीचा दोष असून इतर गुणांनी तो भरून काढावयाचा असतो.

प्रस्तुत लेखात या 'परंतु'चा विचार करावयाचा आहे. उत्कंठा हे कादंबरीचे बाह्य आकर्षण नसून तिच्या अर्थनिर्मितीचे एक साधन आहे, आणि ज्या समकालीन कादंबऱ्यांनी हे साधन जाणतेपणाने वापरले त्या आपण विद्यार्थ्यांना आणि एकमेकांना आग्रहाने सुचवल्या पाहिजेत, अशी माझी भूमिका आहे. हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. पदव्युत्तर वर्गात कादंबरी शिकवणाऱ्या कोणाही अध्यापकाला आज एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही : नेमलेली कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचलेले विद्यार्थी थोडे असतात, तिच्याविषयीची टिपणे वाचलेले पुष्कळ असतात. 'कादंबरीतील स्त्रीजीवन', 'कादंबरीतील ग्रामीण वास्तव', 'कादंबरीची भाषाशैली' या शीर्षकांखाली उत्तरे तयार असतात. पण 'पुढे काय झाले म्हणून तुम्ही पान उलटलेत ते कोणत्या ठिकाणी?' असे विचारले, तर वर्ग निरुत्तर होतो. ज्याने पानच उलटले नाही त्याला आपण संहितेची संरचना शिकवीत असतो. याचा दोष सर्वस्वी विद्यार्थ्यांवर ढकलणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. वाचनाच्या मुळाशी असलेल्या प्रेरणेलाच आपल्या अभ्यासशाखेने हीन ठरवले असेल, तर तिचे फळ आपल्याला भोगावेच लागणार.

२

ही हीनत्वाची भावना आली कोठून, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. भालचंद्र नेमाडे यांनी आरंभीच्या मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) या तीन कृतींच्या नावांनी ओळखल्या. पहिली वास्तवाकडे पाहणारी, दुसरी अद्भुतरम्य, तिसरी इतिहासाचा आश्रय घेणारी. या वर्गीकरणाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु अध्यापनात त्याचे जे सुलभीकरण झाले, त्यात 'यमुनापर्यटन' ही सत्याची वाट आणि 'मुक्तामाला' ही रंजनाची आडवाट असे समीकरण रूढ झाले. संकटात सापडलेली नायिका, कपटी खलपुरुष, गुप्त कारस्थाने आणि अखेरची सुटका या सामग्रीबरोबर 'पुढे काय?' हा प्रश्नही त्या आडवाटेच्या खात्यावर जमा झाला.

वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. मराठी वास्तववादाचे अध्वर्यू मानले जाणारे हरिभाऊ आपटे यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) हीच मुळी रेनल्ड्सच्या रहस्यप्रधान इंग्रजी कादंबरीच्या आधाराने लिहिली गेली. म्हणजे ज्या लेखकापासून आपण मराठी सामाजिक कादंबरीची प्रौढावस्था मोजतो, त्याने कथा गुंफण्याचे पहिले धडे रहस्यकथाकाराकडून घेतले होते. गो. ना. दातार यांनी त्याच रेनल्ड्सला 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' यांसारख्या कादंबऱ्यांतून असा काही देशी पोशाख चढवला, की वाचकांच्या पिढ्यांना त्यातील परकेपणा जाणवलाही नाही. पुढे बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावे घरोघर पोचली. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, नारायण धारप यांनी ही परंपरा आपापल्या परीने चालवली. या साऱ्या लेखनाचा वाचक फार मोठा होता. त्याचा अभ्यासक मात्र अपवादानेच आढळतो.

दुसऱ्या बाजूला ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) मध्ये कथानकाच्या तंत्राचा विचार मांडला. गुंतागुंत, निरगाठ, उकल ही परिभाषा त्यांनी रूढ केली आणि कलात्मकतेला कौशल्याचा अर्थ दिला. नवकथेने आणि त्यानंतरच्या कादंबरीने फडके यांच्या तंत्रवादाविरुद्ध बंड केले ते आवश्यकच होते. परंतु बंडाच्या भरात तंत्राबरोबर कथानकही संशयित ठरले आणि कथानकाबरोबर उत्कंठाही. 'कोसला' (१९६३) नंतर घटनांच्या साखळीऐवजी जगण्याचा ओघ कादंबरीत आला ही मोठी प्राप्ती होय. पण तिचा अर्थ 'ज्या कादंबरीत काही घडते ती दुय्यम' असा काढला गेला, हे मात्र आपल्या समीक्षेचे कर्तृत्व आहे.

या संशयाला एक परकीय आधारही मिळाला. ई. एम. फॉर्स्टर यांचा १९२७ चा कादंबरीविषयक ग्रंथ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जातो. 'कथा' केवळ 'पुढे काय?' या कुतूहलावर जगते, 'कथानक' मात्र 'का?' असे विचारते, आणि कुतूहल ही मनुष्याच्या शक्तींपैकी एक खालच्या प्रतीची शक्ती आहे, हे त्यांचे प्रतिपादन आपल्या उत्तरपत्रिकांत हमखास भेटते. त्याच विवेचनात ते पुढे असेही सांगतात, की कथानकाला गूढ अत्यावश्यक असते आणि त्याचा आस्वाद बुद्धीवाचून घेता येत नाही. हा उत्तरार्ध आपण सोयीस्करपणे विसरलो.

३

वास्तविक आपल्या भाषेत आणि परंपरेत या विषयाची अधिक सूक्ष्म जाण आहे. 'उत्कंठा' या शब्दात मान उंचावून पाहणे आहे. वाट पाहणाऱ्या देहाची ती एक अवस्था आहे. संस्कृतात हा शब्द विरहातील ओढीलाही लागू होतो. म्हणजे उत्कंठेत केवळ माहितीची भूक नसून ज्याची वाट पाहावयाची त्याच्याविषयीची आसक्तीही अंतर्भूत आहे. 'कुतूहल' त्याहून निराळे : ते झाकलेल्या वस्तूकडे वळते. पूर्वी घडून गेलेले काय आहे हे जाणण्याची इच्छा ते कुतूहल, आणि पुढे घडणार आहे त्याची आस व धास्ती ती उत्कंठा, असा भेद करता येईल. तोदोरोव्ह यांनी १९६६ साली रहस्यकथेच्या प्रकारांचे विवेचन करताना नेमका असाच भेद केला : एका प्रकारात वाचक परिणामाकडून कारणाकडे जातो, दुसऱ्यात कारणाकडून परिणामाकडे.

भरताच्या नाट्यशास्त्रात औत्सुक्याची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केलेली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इतिवृत्ताच्या पाच अवस्थांत 'प्राप्त्याशा' ही मधली अवस्था मानली आहे. फळ मिळेल अशी आशा आणि हातचे जाईल अशी भीती या दोहोंच्या मध्ये कथा जेथे तोलली जाते ती ही अवस्था. गर्भसंधीत बीज सापडते, हरवते आणि पुन्हा शोधले जाते, असे भरत सांगतो. ही उत्कंठेच्या रचनेची नेमकी व्याख्या नव्हे काय? आपल्या पूर्वसूरींनी तिला नाट्यशरीराच्या मध्यभागी स्थान दिले. आपण तिला दाराबाहेर उभे केले.

कीर्तनाच्या उत्तररंगाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. आख्यान श्रोत्यांना तोंडपाठ असते. हरिश्चंद्राची सत्त्वपरीक्षा कशी संपणार हे लहान मूलही जाणते. तरीही बुवा ऐन क्षणी थांबतात, एखादा अभंग घेतात, टाळ-मृदंग वाजू लागतो, आणि श्रोते मान उंचावून बसलेले असतात. शेवट ठाऊक असतानाही उत्कंठा टिकते, एवढेच नव्हे तर ती अधिक शुद्ध होते. कारण तेव्हा प्रश्न 'काय होईल?' हा उरत नाही, तर 'हे सहन कसे होईल?' असा होतो.

येथे मला एक कसोटी सुचवावीशी वाटते. सामान्य रहस्यकथेत आरंभी एक प्रश्न उभा राहतो आणि शेवटी त्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. उत्तर मिळाल्यावर पुस्तक मिटते आणि जगही पूर्ववत होते. श्रेष्ठ उत्कंठाप्रधान कादंबरीत वाचता वाचता प्रश्नच बदलतो. ज्या प्रश्नासाठी आपण पाने उलटू लागलो तो प्रश्न अर्ध्या वाटेवर क्षुल्लक ठरतो आणि त्याच्या जागी दुसरा, अधिक अवघड प्रश्न येऊन बसतो. पुढील शिफारशी या कसोटीवर आधारलेल्या आहेत. शेवट उघड न करण्याचे पथ्य मी शक्यतो पाळले आहे. समीक्षकाने ते पाळण्यात कमीपणा नाही.

४

पहिली शिफारस दि. बा. मोकाशी यांच्या 'आनंदओवरी' (१९७४) या छोट्या कादंबरीची. ही कालदृष्ट्या थोडी मागची असली तरी या विषयाची ती पायाभूत कृती आहे. तुकोबा नाहीसे झाले आहेत. धाकटा भाऊ कान्हा त्यांना शोधतो आहे. शोधाचे फलित आपल्याला ठाऊक आहे, श्रद्धाळूला एका तऱ्हेने आणि चिकित्सकाला दुसऱ्या तऱ्हेने. तरीही आपण कान्हाच्या मागोमाग इंद्रायणीच्या काठाने, डोंगरांतून श्वास रोखून हिंडतो. 'तुकोबा कोठे गेले?' या प्रश्नाच्या जागी हळूहळू 'ज्याच्याबरोबर आयुष्य काढले तो भाऊ आपल्याला कधी कळला होता का?' हा प्रश्न उभा राहतो. संतचरित्राचे ऐश्वर्य बाजूला सारून घरातल्या माणसाच्या दृष्टीने पाहिल्यामुळे या उत्कंठेला शोकाची खोली आली आहे.

दुसरी शिफारस अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' (१९७३) आणि 'सिंहासन' (१९७७) या जोडीची. या दोहोंवर आधारित 'सिंहासन' (१९७९) हा जब्बार पटेल यांचा चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो आणि त्यामुळे कादंबऱ्या वाचल्याचा भास होतो. तो दूर करणे अगत्याचे आहे. सत्ता कोणाच्या हाती राहणार, कोण कोणाच्या बाजूला आहे, या प्रश्नांनी साधू वाचकाला बांधतात. परंतु मंत्रालय, कामगार चळवळ, वृत्तपत्राची कचेरी आणि महानगरातील तळाचे जीवन यांच्या समांतर हालचाली दाखवताना ते एक विलक्षण गोष्ट साधतात : सिंहासनाच्या प्रश्नाचे उत्तर जसजसे जवळ येते तसतसे ते उत्तर शहरातील असंख्य माणसांच्या लेखी निरर्थक आहे हे स्पष्ट होत जाते. आपण ज्याची उत्कंठेने वाट पाहत होतो त्याचीच आपल्याला लाज वाटू लागते. राजकीय कादंबरीला याहून मोठे काम कोणते असू शकेल?

अनंत सामंत यांची 'एम. टी. आयवा मारू' (१९८९) ही आपल्या साहित्यातील एक विरळ सागरी कादंबरी. जुने, खिळखिळे जहाज, त्यावरील खलाशी व अधिकारी, आणि त्यांच्यात वावरणारी एक तरुण स्त्री. जमिनीचा आधार सुटला की माणसांतील सभ्यतेचा आधार किती काळ टिकतो, हा या कादंबरीचा प्रश्न आहे. समुद्राचे संकट आणि माणसाचे संकट यांतील अधिक भयंकर कोणते, हे वाचकाला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. या शिफारशीबरोबर एक शंका नोंदवली पाहिजे : सारा ताण एका स्त्रीच्या अस्तित्वाभोवती गुंफताना कादंबरी तिला स्वतःचे अंतरंग कितपत देते? हा प्रश्न वर्गात विचारावा. उत्तम उत्कंठाप्रधान कादंबरीही वादातीत नसते. तिचा अभ्यास करावयाचा तो याचसाठी.

नंदा खरे (१९४६–२०२२) यांची 'अंताजीची बखर' (१९९७) इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही वाचावयास द्यावी. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांचा (१७४२–१७५१) आणि त्यापुढचा काळ एका हुशार, संधिसाधू, बोलक्या निवेदकाच्या तोंडून येतो. ऐतिहासिक कादंबरीतील थरार आपल्याकडे प्रायः रणांगणाचा आणि पराक्रमाचा असतो. येथे तो बातमीचा आहे : कोणाला काय कळले, केव्हा कळले आणि ते त्याने कोणाला विकले. बखर या जुन्या गद्यप्रकाराचे रूप घेऊन त्याच प्रकारातील गौरवीकरणाला सुरुंग लावण्याचा हा प्रयोग वाचकाला सतत सावध ठेवतो, कारण निवेदकावर विश्वास ठेवावा की नाही हीच येथील खरी उत्कंठा आहे. खरे यांच्याच 'उद्या' या कादंबरीत ती भविष्याकडे वळते. पाळतीखालच्या समाजाचे हे चित्र वाचताना 'असे होईल का?' या प्रश्नाचे रूपांतर 'यातील किती आधीच झाले आहे?' या प्रश्नात होते. या कादंबरीस २०२० चा साहित्य अकादेमी पुरस्कार जाहीर झाला आणि लेखकाने तो नम्रपणे नाकारला.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) या यादीत पाहून काहींना आश्चर्य वाटेल. तीत गुन्हा नाही, गुपित नाही. नववीतला एक मुलगा, वर्गातली एक मुलगी, आणि आणीबाणीचे दिवस. परंतु चौदा वर्षांच्या मुलाला शिरोडकरचा होकार मिळेल की नाही, हा प्रश्न लेखकाने इतक्या गांभीर्याने घेतला आहे की प्रौढ वाचकालाही छातीतली धडधड जाणवते. उत्कंठेसाठी प्रेत लागत नाही. कोणाच्या तरी दृष्टीने सर्वस्व पणाला लागलेले असणे पुरेसे असते, हा धडा या कादंबरीइतका सहज क्वचितच कोणी दिला असेल. ज्याची वाचनाची सवय सुटली आहे अशा विद्यार्थ्याच्या हाती प्रथम हेच पुस्तक द्यावे.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही माझ्या मते नव्या शतकातील मराठी कादंबरीतील गूढाचा सर्वांत संयत आविष्कार आहे. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण राहावयास येतो. तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो. पहिला भाग तनयचा, दुसरा अनुजाचा. एकच काळ दोनदा सांगितला जात असल्याने दुसऱ्या भागात घटनांचे नावीन्य नाही, आणि तरीही तो भाग अधिक ओढ लावतो. ज्याच्याभोवती हे सारे घडते त्या तरुणाला लेखकाने नावही दिलेले नाही. पारंपरिक रहस्यकथेत अखेरीस अनोळखी माणसाची ओळख पटते. येथे दोन साक्षी ऐकूनही तो अनोळखीच राहतो, आणि ओळख पटते ती साक्ष देणाऱ्यांची. निवेदनतंत्र शिकवण्यासाठी याहून सुटसुटीत संहिता मिळणे कठीण.

हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाळ' ही कादंबरी गूढकथेच्या लोकप्रिय परंपरेतून उघडपणे आलेली आहे आणि म्हणूनच महत्त्वाची आहे. गाव, वाडा, कुटुंब आणि त्यात दडपून ठेवलेल्या गोष्टी यांच्या आधारे भय आणि वासना यांचे नाते ती शोधते. नारायण धारप यांच्या वाचकाला हे वातावरण परिचित वाटेल. पण येथील भूत बाहेरून येत नाही, ते घराच्या व्यवस्थेतच वस्तीला असते. शेवटी श्याम मनोहर यांच्या 'उत्सुकतेने मी झोपलो' (२००६) या, साहित्य अकादेमी पुरस्कारप्राप्त कादंबरीचा निर्देश केला पाहिजे. रूढ अर्थाने ती मुळीच थरारक नाही. परंतु उत्सुकता हीच एक जीवनपद्धती होऊ शकते काय, असा विचार करणारा हा लेखक आहे. उत्कंठेची चर्चा जेथे तत्त्वचिंतनाला भिडते, त्या टोकावर ही कादंबरी उभी आहे.

५

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप असा, की उत्कंठा एकदाच पुरते. शेवट कळला की कलाकृती संपते. कीर्तनाच्या उदाहरणाने आणि 'आनंदओवरी'ने याचे उत्तर दिले आहे. दुसऱ्या वाचनात जी कादंबरी उणी पडते ती उत्कंठेमुळे नव्हे, तर उत्कंठेपलीकडे तिच्यात काही नसल्यामुळे उणी पडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रहस्यप्रधान लेखनात पात्रे कथानकाची प्यादी होतात आणि शेवटी सुव्यवस्था पुनःस्थापित करून वाचकाला खोटा दिलासा दिला जातो. अर्नाळकरांच्या परंपरेतील बऱ्याच लेखनाबाबत हे खरे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेवढ्याने ते लेखन अभ्यासाबाहेर जात नाही. आपल्या समाजाला कोणत्या भीतीपासून कोणता दिलासा हवा होता, याचा याहून सविस्तर दस्तऐवज कोणता? त्याचप्रमाणे धारप यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) या कादंबरीवर बेतलेली आहे असे सांगून विषय संपवला जातो. तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने तो तेथे सुरू होतो. अमेरिकेतील लहान गावातले भय मराठी मुलखात येताना काय गळले, काय नव्याने आले, कोणता देव आणि कोणता विधी मदतीला घ्यावा लागला, हे प्रश्न सांस्कृतिक भाषांतराचे आहेत. दातारांच्या रेनल्ड्सबाबतही तेच.

तिसरा आक्षेप नीतीचा आहे आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. शोषणाची, दुष्काळाची, विस्थापनाची कादंबरी 'उत्कंठेने' वाचणे ही संवेदनशून्यता नव्हे काय? सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) वाचताना शेतकऱ्याच्या कुटुंबाचे काय होणार ही धास्ती आपल्याला पुढे नेते. दुसऱ्याच्या विनाशाची आपण पानोपानी वाट पाहत असतो, असे कोणी म्हणाले तर ते पूर्णपणे खोडता येत नाही. तथापि दुसरीही बाजू आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचे आयुष्य हेच मुळी आभाळाकडे मान उंचावून काढलेले असते. पाऊस येईल की नाही, आणि आला तर वेळेवर येईल की नाही, ही त्याची बारमाही प्राप्त्याशा आहे. त्या अनिश्चिततेचा यत्किंचित अंश वाचकाच्या देहात उतरवण्याचे काम आकडेवारी करू शकत नाही. कथा करू शकते, कारण ती वाचकालाही वाट पाहावयास लावते. मात्र लेखकाने या वाट पाहण्याचा उपयोग केवळ धक्का देण्यासाठी केला, तर आक्षेप खरा ठरतो. उत्कंठेलाही नीती असते, आणि ती ओळखणे हा समीक्षेचा विषय आहे. पण त्यासाठी आधी तिचे अस्तित्व मान्य करावे लागेल.

६

या विवेचनातून काही व्यावहारिक सूचना निघतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमात कादंबरी या वाङ्मयप्रकाराच्या अध्ययनपत्रिकेत किमान एक संहिता अशी असावी, की जिची निवड तिच्या कथनाच्या ओढीसाठी केली आहे. तिचे अध्यापन टप्प्याटप्प्याने करावे : एका प्रकरणापाशी थांबून, पुढे काय होईल आणि तसे कशावरून वाटते, हे प्रत्येक विद्यार्थ्याने पुढील भाग वाचण्यापूर्वी लिहून काढावे. या साध्या उपक्रमात संकेत, निवेदक, काल आणि दृष्टिकोन या साऱ्या संकल्पना परिभाषेवाचून हाती लागतात, आणि टिपणे वाचून तो पुरा करता येत नाही. संशोधनाच्या विषयांबाबतही असेच म्हणता येईल. एकाच साच्यातील शीर्षकांखाली लेखकांची नावे बदलून प्रबंध लिहिण्यापेक्षा मराठी गूढकथेतील वाड्याचे रूप, रहस्यकथेतील मुंबई, किंवा रेनल्ड्सच्या मराठी अवतारांची भाषा असे विषय अधिक फलदायी ठरतील.

यातील एक काम मात्र थांबण्यासारखे नाही. रहस्यकथांच्या छोट्या, स्वस्त कागदावरील पुस्तिका ज्या फिरत्या वाचनालयांतून वाचल्या गेल्या, ती वाचनालये बहुतेक ठिकाणी बंद झाली आहेत. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी हे वाङ्मय संग्राह्य मानले नाही. ज्या घरांत ते होते तेथून ते रद्दीत गेले. ज्या वाङ्मयाने मराठी माणसाला वाचावयास शिकवले, त्याच्या प्रती संशोधकाला मिळू नयेत ही आपल्या शास्त्राला शोभणारी गोष्ट नव्हे. प्रत्येक विभागाने आपल्या परिसरातून अशी पन्नास पुस्तके जरी मिळवून, त्यांची नोंद करून ठेवली, तरी उद्याच्या अभ्यासकाचे काम सुकर होईल.

आणि अखेरीस आपल्याविषयी. नव्या कादंबऱ्यांसंबंधी आपण एकमेकांशी बोलतो ते चर्चासत्रात, परीक्षणात किंवा पुरस्कारांच्या निमित्ताने. 'हे वाचा, रात्री सोडवणार नाही' असे एका अध्यापकाने दुसऱ्याला सांगणे दुर्मिळ झाले आहे. वर उल्लेखिलेल्या कादंबऱ्या मी त्याच भाषेत सुचवीत आहे. त्यांतील एखादी निवडावी, अध्यापनाचे टाचण बाजूला ठेवावे आणि प्रथम केवळ वाचक म्हणून ती पुरी करावी. कोणत्या पानावर आपला श्वास अडकला हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते पान विद्यार्थ्यासमोर उघडता येईल.